केकवाल्या ओयगेनच्या विमानाच्या झडपा

ब्युलिंगन,
जत्रेनंतरचा सोमवार

आदरणीय ओटमार भावोजी यांस,
तुमच्या मेहुण्याचा, ओयगेनचा, सप्रेम नमस्कार.

तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतो आणि तुम्ही नको म्हणता, असं मागच्या पत्रात होतं. दोघांत कोण जिंकलं ते कळवा. वाल्बुर्गाताईचं ब्लडप्रेशर? तिला म्हणावं, खारवलेले मासे खाऊन वर गोळी घेतली म्हणजे झालं असं नसतं, हे मी धाकटा असूनही सांगतो. भाची हाइकेची कंबर बरी आहे ना? जावईबापूंचा खोकला थांबला का? (आणि खोकला थांबला असेल तर विम्यावर बोलणं पुन्हा सुरू झालं का? तसं असेल तर खोकला बरा होता.) तुमच्या आईंना माझा वाकून नमस्कार, आणि त्यांचे नवे दात बसले की नाही तेही लिहा. फिएटे कुत्रा अजून चपला खातो का? आमच्याकडे सगळं ठीक. गेर्लिंडेची पाठ दुखते, पण त्याचं कारण मी आहे असं तिचं म्हणणं असल्यामुळे औषध कोणी देत नाही.

आता मुद्द्याचं. ईस्टरला तुम्ही लिहिलं होतं, ‘ओयगेन, आपल्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या जेटच्या चाकांवर झडपा बसवायच्या भानगडीत पडू नकोस. मी माझ्या विमानाच्या काढूनच टाकल्या. पोटाला भोकं राहतात ती राहू देत, एकदा वर गेल्यावर कोण बघतंय?’ भावोजी, तुमचा मान ठेवून सांगतो. मी बघतो.

ताई हे पत्र तुमच्या खांद्यावरून वाचत असणार, म्हणून तिच्यापुरतं सांगतो. ताई, जेटचे तीन पाय उडाल्यावर पोटात जातात. पाय आत गेले की पोटाला भोकं उरतात, ती झाकायला झडपा. आधी झडपा उघडायच्या, मग पाय आत जायचे, मग झडपा मिटायच्या, की पोट अंड्यासारखं गुळगुळीत. उतरताना पुन्हा तेच: झडपा उघडल्या, पाय बाहेर आले, आणि पायाच्या दांडीपुरती खाच सोडून झडपा परत मिटल्या. खऱ्या विमानात असंच असतं. दार उघडं टाकून जाणारं माणूस तुला लहानपणापासून आवडत नाही, मलाही नाही.

आणि हे सगळं मी का मनाला लावून घेतलं, ते तुम्ही दोघांनी समजून घ्या. बेकरी विकली त्या उन्हाळ्यात मी क्लबात गेलो तो विमानं उडवायला. ब्राइटमायरने (आमचा अध्यक्ष; माणूस सोन्यासारखा, आवाज कर्ण्यासारखा) पहिल्याच दिवशी विचारलं, ‘तू बेकर ओयगेनच ना? मग जत्रेला केक आणशील.’ आणला. तेव्हापासून मी केकवाला ओयगेन. आमच्या उन्हाळी जत्रेला मैदानावर एक दोर बांधतात. दोराच्या पलीकडे विमानं रांगेत, प्रत्येकासमोर बांधणाऱ्याच्या नावाची पाटी. अलीकडे तंबू, तंबूत टेबल, टेबलावर ट्रॉय्ब्लेचा केक (खाली लाल आंबट फळं, वर अंड्याच्या पांढऱ्याचा ढग, ताईला माहीत आहे), आणि टेबलामागे मी. कॉफीच्या दोन पिंपांमधल्या फटीतून मला इतकी वर्षं विमानांच्या फक्त शेपट्या दिसल्या. एरवी आठवड्याच्या सकाळी, मैदानावर गाईंशिवाय कोणी नसताना, मी छान उडवतो. पण गाई क्लबात काही सांगत नाहीत.

म्हणून मार्चमध्ये मी ब्राइटमायरला म्हणालो, यंदा माझं जेट रांगेत लावायचं. तो जरा घुटमळला. त्याच्याशेजारी फ्लायडरर उभा होता. हा आमचा सर्वांत हुशार उडवणारा, आणि तसं त्याला कोणी विचारायच्या आधी सांगणारा. तो म्हणाला, ‘ओयगेन, भोकाभोकांचं विमान रांगेत नसतं लावायचं. भोकं जाळीच्या पावाला शोभतात.’ ब्राइटमायरने मग निकाल दिला: झडपा बसल्या, चालल्या, तर रांगेत पाटीसकट. नाहीतर केक. मी हात मिळवून आलो.

माझी कार्यशाळा तुम्ही पाहिलीच आहे, जुनी भट्टीखोली. पीठ मळायच्या लांब टेबलावर जेट पाठीवर आडवं, चारी बाजूंनी उशा, डुकराच्या पिल्लासारखं पोट वर. कंपनीने पोटावर झडपांच्या नुसत्या रेघा आखून दिल्या होत्या, कापायचं आपण. आता पावाला चीर देण्यात माझा हात धरणारा या जिल्ह्यात नाही, हे तुम्हीही मान्य कराल. पण पाव फुगतो, आणि चीर वाकडी गेली तरी भट्टीत तो आपली चूक पोटात घालतो. विमानाचं हे कातडं काही फुगलं नाही. चारी बाजूंना अशी फट पडली, की गेर्लिंडेने तिच्यात करंगळी घालून दाखवली. मी म्हटलं, तुझी करंगळी बारीक आहे. ती म्हणाली, ‘लग्नानंतर पहिल्यांदाच बोललात.’

मग त्या कापलेल्या झडपा टाकून नव्या ओतायच्या ठरवल्या. काचेचं कापड आणि राळ. भोकाला आतून पत्रा लावायचा, कडेला काहीतरी न चिकटणारं फासायचं, वर थर द्यायचे, वाळले की सुटून येतात. आता साच्याला चिकटू नये म्हणून काय फासायचं, हे बेकराला कोणी शिकवायचं का? मी लोणी फासलं. वर पिठाची बारीक धूळ, आणि हात थांबत नाही म्हणून थोडी व्हॅनिला. भावोजी, हसू नका, झडपा सुटल्या! अशा अलगद सुटल्या, की मी टोपी काढून त्यांना नमस्कार केला. पुस्तकात मेण लिहिलंय असं फ्लायडररने नंतर सांगितलं. पुस्तकात मुंग्यांबद्दल काही लिहिलंय का, ते त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीखोलीच्या उंबऱ्यापासून विमानाच्या पोटापर्यंत मुंग्यांची शिस्तबद्ध रांग, अगदी आमच्या जत्रेतल्यासारखी, फक्त पाट्या नव्हत्या.

मुंग्या गेल्या, लोणी गेलं नाही. चंदेरी रंग दिला की तो थेंबाथेंबाने गोळा होऊन बाजूला सरायचा. मी साबणाने धुतलं, घासलं, पुन्हा रंग दिला, पुन्हा घासला. रविवारी यंत्र लावता येत नाही (वरच्या मजल्यावरच्या नॉइफरबाई मी ड्रिलला हात लावायच्या आधीच खिडकीत येतात), म्हणून हाताने घासलं. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळीही आमचीच होती, दारावर पाटी लटकलेली, आणि चंदेरी धूळ जिनाभर. नॉइफरबाई म्हणाल्या, ‘हेफेलेसाहेब, ख्रिसमसची तयारी एवढ्या लवकर?’ गेर्लिंडेने झाडू माझ्या हातात दिला आणि स्वतः माहेरी निघून गेली. (माहेर दोन घरं सोडून आहे, पण जाण्याची पद्धत वेगळी होती.)

आता बिजागऱ्या. प्रत्येक झडपेला दोन, आणि ती ओढायला काडेपेटीएवढी विजेची मोटर. पाय मात्र विजेवर नाहीत. ते हवेवर चालतात. पोटात छोटी बाटली असते, ती सायकलच्या पंपाने फुगवायची. झडपा विजेवर, पाय हवेवर, आणि कोणी कधी हलायचं ते एक छोटी डबी ठरवते. हे सगळं मी एकट्याने बसवलं, शिकवणारा कोणी नाही. चुका करून शिकलो, आणि चुकांची मला कधी कमतरता पडली नाही. मे महिन्याच्या एका दुपारी बटण दाबलं: झडपा उघडल्या, पाय हलले, झडपा मिटल्या. कडा अशी जुळली, की मी चष्मा पुसून पाहिली. गेर्लिंडेला हाक मारली. ती पिठाचे हात पुसत आली, पाहिलं, आणि म्हणाली, ‘हं.’ तुमच्या उत्तरेकडे हे कमी वाटेल. आमच्याकडे एवढं ‘हं’ बायको लग्नात म्हणते.

मग आम्ही दोघांनी विमान उचलून सरळ उभं केलं, पायांवर. आणि सगळ्या झडपा खाली लोंबल्या. उन्हात जीभ काढून बसलेल्या कुत्र्यासारख्या. मी बटण दाबलं, मोटरी कण्हल्या, झडपा अर्ध्यावर गेल्या आणि परत लोंबल्या. भावोजी, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या यायला संध्याकाळ झाली. विमान पाठीवर असताना झडपा आपल्याच वजनाने मिटत होत्या! मोटरी नुसत्या सोबतीला होत्या. मी सबंध वसंत ऋतू उलटं विमान सरळ समजून बसलो होतो. गेर्लिंडे म्हणाली, ‘मग उलटंच उडवा की. तुम्हाला कोण विचारतंय?’ मी फार दुखावलो. (रात्री विचार केला तर कल्पना अगदीच वाईट नव्हती, पण उतरायचं कसं?)

पण ओयगेन हेफेले हरला नाही. भट्टीचं जुनं लोखंडी दार आठवतं? एवढं जड, पण अडसर सरळ रेषेत आला की बोटाने ढकललं तरी उघडायचं नाही, कारण सगळा भार अडसराच्या उभ्या दांडीवर. मी तसंच केलं. मोटरीचा हात आणि झडपेची काडी, झडप मिटली की दोन्ही एका सरळ रेषेत ताठ उभी राहतील असं बसवलं. मग झडपेने कितीही लोंबायचं म्हटलं तरी लोंबता येत नाही. सरळ, उलटं, आडवं, मी विमान कुशीत घेऊन खोलीभर फिरवलं. एकही झडप हलली नाही. त्या दिवशी मी स्वतःसाठी, नुसता स्वतःसाठी, ट्रॉय्ब्लेचा केक केला.

रंग मात्र लोण्यापायी शेवटच्या गुरुवारपर्यंत लांबला. आणि रविवारी जत्रा. सकाळी ब्राइटमायरने पोटाखाली वाकून पाहिलं, झडपा उघडायला लावल्या, मिटायला लावल्या, आणि स्वतःच्या हाताने पाटी रोवली: ओयगेन हेफेले. ताई, ठळक अक्षरांत! केकच्या टेबलावर गेर्लिंडे उभी राहिली. ‘एवढ्या एका वर्षी,’ असं म्हणून.

माझी पाळी दुपारच्या विश्रांतीआधी होती. पण ग्लायडरवाल्यांनी वेळ खाल्ला, आणि गावात बाराचे टोले पडले. झालं! दोन वाजेपर्यंत मैदानावर माशीनेसुद्धा आवाज करायचा नाही. नाहीतर गावात कोणीतरी वामकुक्षीतून उठतं, आणि ते नेमकं पंचायतीतलं असतं. मी म्हटलं, हरकत नाही. झडपा काही आवाज करत नाहीत. दोन तास येणाऱ्याजाणाऱ्याला मी झडपा दाखवल्या. विमानाचे पंख दोन स्टुलांवर टेकवून, पाय आत, पाय बाहेर. महापौरीणबाईंना दाखवल्या, पाद्रीबाबांना दाखवल्या, सारण भरलेल्या माउलताशनच्या रांगेतल्यांना प्लेटीसकट बोलावून दाखवल्या. माणसं बघायची आणि म्हणायची, ‘पुन्हा दाखवा!’ केकच्या बाबतीत मला असं कधी कोणी म्हटलं नव्हतं, केक संपतो.

तेवढ्यात लक्षात आलं, की झडप उघडताना चर्र आवाज येतोय. उन्हाने रंग मऊ पडला होता आणि कडा एकमेकींना चिकटत होत्या! आणखी एक उन्हाची तिरीप, की आकाशात त्या उघडणारच नाहीत. फ्लायडरर मागून म्हणाला, ‘काढून टाक ओयगेन, भोकं बरी.’ भोकं! पाटीसमोर! मी सरळ तंबूकडे पळालो. टोपलीला कणकेचा गोळा चिकटू नये म्हणून बेकर काय टाकतो? तांदळाचं पीठ. गेर्लिंडेच्या डब्यातून मूठभर उचललं (‘अहो, ते मोजून आणलंय!’), आणि केकवरची साखर झटकायच्या ब्रशाने प्रत्येक कडेला हात फिरवला. बटण दाबलं. गुळगुळीत, निःशब्द.

दोन वाजले, माझं नाव पुकारलं, आणि मी विमान उडवलं. लोकांसमोरून विमान वर चढताना मी बटण दाबलं. झडपा उघडल्या, आणि पोटाखालून पांढराशुभ्र ढग निघाला! लाउडस्पीकरवर ब्राइटमायर ओरडला, ‘बघा मंडळी, धूर! ओयगेनने धुराचीही सोय केलीय!’ आणि मग, नाक वर करून, ‘अरे, हा धूर नाही. पीठ आहे! बेकर आहे तो आपला!’ सगळं मैदान हसलं, ताई, आणि मी क्षणभर खट्टू झालो. इतकं करून मी वर आकाशातही बेकरच. पण मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या थांबेनात. खालून विमानाचं पोट असं दिसत होतं, की फट कुठे, झडप कुठे, काही कळेना. चंदेरी मासा नुसता. मी त्याला लोकांसमोरून हळू नेलं, कुशीवर वळवलं, पोट दाखवलं, पुन्हा दाखवलं. तुम्ही म्हणाला होता ना, वर गेल्यावर कोण बघतंय? सगळं ब्युलिंगन बघत होतं.

उतरताना पुन्हा बटण, पुन्हा छोटा पांढरा ढग, झडपा उघडल्या आणि वेळेवर मिटल्या. आणि विमान टेकलं ते इतकं हळुवार, की उसळी नाही, खडखडाट नाही. गवतावर लोण्यासारखं घसरलं आणि फार लांब न जाता थांबलं. माणसं चालत नाही, धावत आली. फ्लायडरर सर्वांत पुढे. त्याने विमान उचललं, उलटं केलं, पोटावर बोट फिरवलं, कडेत नख घालून पाहिलं. नख गेलं नाही. मग म्हणाला, ‘चालेल.’ भावोजी, फ्लायडररने स्वतःच्या लग्नाला ‘बघू’ म्हटलं होतं. मी ‘चालेल’ घेऊन घरी आलो आणि गेर्लिंडेला पुन्हा पुन्हा ऐकवलं. ती म्हणाली, ‘हं.’

तर तुमच्या जेटच्या झडपा माळ्यावरून खाली काढा. बसतात. मी आहे सांगायला. सर्वांना नमस्कार, फिएटेच्या पाठीवर थाप.

तुमचा,
ओयगेन
(बेकर, आणि आता त्याहून थोडं अधिक)

ता. क. रविवारी ताई गेर्लिंडेला फोन करणारच, म्हणून आधी माझ्याकडूनच कळलेलं बरं. उतरताना झडपा उघडल्या आणि मिटल्या हे अक्षरशः खरं आहे. पाय मात्र मध्ये बाहेर आले नव्हते. दुपारभर महापौरीणबाईंना आणि पाद्रीबाबांना दाखवण्यात बाटलीतली हवा संपली; वर जाताना पाय आत घ्यायला पुरली तेवढीच. झडपा विजेवर, त्यांना काय. त्यांनी आपलं काम केलं आणि शिस्तीत दार लावून घेतलं. खडखडाट नव्हता तो चाकं नव्हती म्हणून. माणसं धावली तीही त्याचसाठी. पण पोटावर उतरूनही झडपांवर गवताचा हिरवा डाग सोडून काही नाही, एक चरासुद्धा नाही, आणि ‘चालेल’ हा शब्द त्यानंतरचाच आहे, हे ध्यानात घ्या. भोकं असती तर सगळी माती आत गेली असती.

ता. क. आणखी एक. खरं म्हणजे यासाठीच लिहायला बसलो होतो. ब्राइटमायरने पुढच्या वर्षीही मला रांगेत जागा दिलीय, पाटीसकट. पण अट घातलीय, की केकच्या टेबलामागे उभं राहणारं माणूस मीच आणून द्यायचं. गेर्लिंडे म्हणते, तिचं ‘एवढं एक वर्ष’ संपलं. मी तुमचं नाव देऊन बसलोय. कॉफीच्या पिंपांमागे उंच स्टूल आहे, गुडघ्याला त्रास नाही. ताई कापेल, तुम्ही नुसतं वाढायचं. पिंपं मी दोन्हीकडे सरकवून ठेवीन, म्हणजे तुम्हाला तिथून शेपट्याच नाही, माझं सबंध विमान दिसेल, चाकांसकट. उत्तर लवकर लिहा. नाही म्हणायचं असेल तर थोडं सावकाश लिहिलंत तरी चालेल, पण हो असेल तर पत्र मिळाल्या दिवशी पाठवा.